भात्यावरची नजर

माझा भाऊ कुठल्याही गावात गाडीतून उतरला की आधी तलाव कुठं आहे ते विचारायचा. मंडप बांधून झाला का, जेवण कोणाकडे आहे, माइकवाला पोचला का, ही चौकशी आम्ही बाकीचे करायचो. छत्तीसगडात तलाव शोधावा लागत नाही. लहान गावालाही एक असतोच, मोठ्या गावाला चार-पाच. दादा काठावर जाऊन उभा राहायचा आणि कपडे धुणारी बाई असो की म्हशी घेऊन आलेला म्हातारा, त्याचा प्रश्न ठरलेला. "बबा, ये तलाव किसने खुदवाया?"

उत्तरं तऱ्हेतऱ्हेची यायची. कुठं राजानं खोदला, कुठं सात भावांनी. एका गावात तर सहा महिन्यांची एकच रात्र झाली होती म्हणे आणि तेवढ्या रात्रीत तलाव, देऊळ सगळं उरकलं. महासमुंदच्या बाजूच्या एका म्हातारीनं मात्र जरा विचार करून सांगितलं, "माझ्या लग्नाच्या आधीपासून आहे." हे उत्तर दादाला सगळ्यांत जास्त आवडलं. गाडीत बसल्यावर तो घरापर्यंत तेच घोळत होता. "पाह्य पोट्टी, इतिहास म्हनजे हेच. मानूस आपल्या लग्नापासून मोजते."

मी पन्नाशी ओलांडली होती, शाळेत मुलांना संगीत शिकवत होते, पण दादासाठी पोट्टीच होते. तो माझ्याहून चार वर्षांनी मोठा. वडील भंडाऱ्याकडून रेल्वेच्या नोकरीसाठी रायपूरला आले, गुढियारीत राहिले आणि तिथंच गेले. आमचं शिक्षण, लग्नं, सगळं इथं झालं. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी. आमच्या मुलांना मराठी कळतं, पण उत्तर हिंदीत येतं. दादा म्हणायचा, आपल्या पेटीचंही असंच झालं. समुद्रापलीकडून आली आणि आता तिला कोणी परकी म्हणत नाही. "आपल्याले अजून म्हनतात, का तुम्ही महाराष्ट्राचे. पेटीले नाही म्हनत."

मी पेटी वाजवायची आणि गायची, दादा ढोलक वाजवायचा. आमचं पाच जणांचं गायन मंडळ होतं, अजूनही आहे. बुद्धगीतं, जयंतीची गाणी, नामकरण, लग्न, गृहप्रवेश. दुर्ग, राजनांदगाव, धमतरी, गोंदियापर्यंत जायचो. मंडळाचे प्रमुख रेल्वेतून निवृत्त झालेले, मुख्य गायक तेच. त्यांना आम्ही मास्तर म्हणायचो. प्रवासात दादाच्या गप्पा असल्या की रस्ता कधी संपायचा कळत नसे. प्रत्येक स्टेशनवरचा समोसा सारखा आणि पाणी मात्र वेगळं का लागतं? गाईच्या पिल्लाला वासरू म्हणतात, मग चिमणीच्या पिल्लाला वेगळं नाव का नाही? असले त्याचे प्रश्न. मास्तर वैतागायचे आणि मग स्वतःच उत्तर शोधत बसायचे.

नोकरी त्याची उरला औद्योगिक वसाहतीत, लोखंडाच्या सळ्या काढणाऱ्या कारखान्यात. जवळ पडावं म्हणून त्यानं बीरगावात घर केलं होतं. आत काय आवाज असतो ते मी एकदाच ऐकलं, कामगारांच्या घरच्यांना पूजेच्या दिवशी आत सोडलं होतं तेव्हा. सगळी यंत्रं चालूही नव्हती, तरी माझ्या छातीत धडधड झाली. दादा मला ओरडून सांगत होता, ही मशीन केरव्याच्या तालात चालते, ती तिकडची दादऱ्यात, आणि दोघी दर थोड्या वेळानं समेवर भेटतात. त्याचा चेहरा खुलला होता. मीही हसले होते. तीस वर्षं तो त्या समेची वाट बघत आठ-आठ तास उभा होता.

बदल कधी सुरू झाला ते मला सांगता येणार नाही. एवढं आठवतं की त्यानं तलाव विचारणं बंद केलं. गाडी थांबली की तो मंडपात येऊन ढोलकीच्या दोऱ्या आवळत बसायचा. मला वाटलं, वय झालं, हौस फिटली. त्याच सुमारास त्याचं बोलणं मात्र वाढलं. पूर्वी तो विचारायचा आणि ऐकायचा. आता एकटाच बोलत राहायचा, मोठ्यानं, दुसऱ्याला तोंड उघडू न देता. मास्तर एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "ताई, भाऊले सांगा जरा. लोकाईचं ऐकूनच नाही घेत."

मी सांगितलं. म्हणजे झापलंच. "दादा, तू आजकाल कोणाला बोलूच देत नाहीस. शोभतं का?" तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "हव, हव." मला त्या हव-हवचा, नुसत्या हो-हो म्हणण्याचा, राग आला होता.

थंडीच्या दिवसांत सिरपूरच्या बाजूच्या एका गावात दुपारचा कार्यक्रम आला. सकाळी लवकर निघालो, म्हणून वाटेत सिरपूरचे जुने विहार बघायचं ठरलं. आमच्यापैकी बहुतेकांनी ते आधी पाहिले होते, पण थंडीतलं ऊन, विटांच्या भिंती, मधलं अंगण, शांत बसलेली मूर्ती, पुन्हा बघावंसं वाटतंच. तिथला एक म्हातारा राखणदार मागे लागला आणि माहिती सांगू लागला. भिक्षू इथं झोपायचे, इथं दिवे ठेवायचे, पाणी या नालीतून जायचं. दादा त्याच्या अगदी शेजारी उभा होता, मान डोलावत. राखणदारानं मध्येच विचारलं, "आप लोग कहाँ से आए हो?"

दादा म्हणाला, "हाँ, पूरा ईंट का है."

सगळे हसले. राखणदारही हसला. मीसुद्धा हसले, अगदी पोटभर. दादानंही आमच्याकडे बघून हसायला सुरुवात केली, एक क्षण उशिरानं.

गावात मंडप शाळेच्या मैदानात होता. दोनेकशे माणसं असतील, बायका पुढं सतरंजीवर. आम्ही नेहमीसारखे बसलो, मी मध्ये, दादा माझ्या डावीकडे, जरासा तिरका, माझ्याकडे तोंड करून. तो तसा बसायचा हे मला माहीत होतं. का, हे मी कधी विचारलं नव्हतं. पाच-सहा गाणी चांगली झाली. मग पाहुण्यांचं भाषण होतं. त्यासाठी दोघा जणांनी लाकडी पोडियम उचलून आणलं आणि बरोबर माझ्या आणि दादाच्या मध्ये ठेवलं. भाषण लांबलं. संपल्यावर पोडियम तिथंच राहिलं आणि मास्तरांनी शेवटचं गाणं सुरू केलं.

पहिल्या कडव्यातच ठेका सुटला. मला वाटलं, माइकचा आवाज मागे येत नसेल. मास्तरांनी लय ओढून धरली, मी पेटी दाबून वाजवली, कसंबसं कडवं निभावलं. दुसऱ्यात ढोलक पुढं पळाली. आम्ही तिच्यामागं धावलो. शेवटी मास्तरांनी मला डोळ्यांनी खुणावलं, आवर. आम्ही ध्रुवपद एकदाच घेऊन गाणं संपवलं. मी पेटीचा भाता सोडला.

ढोलक वाजतच होती.

दादा खाली मान घालून, डोळे ढोलकीच्या कातडी पुडीवर ठेवून वाजवत होता. मन लावून, जलद लग्गी लावून, जणू आम्ही सगळे त्याच्यासोबत आहोत. मंडप शांत झाला. मागच्या काही लोकांना वाटलं, खास ढोलकीचा तुकडा आहे, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग पुढच्या पोरी तोंडावर ओढणी घेऊन हसू लागल्या. मास्तर माइकवर म्हणाले, "हमारे ढोलक मास्टर का जोश देखिए!" त्याचाही उपयोग झाला नाही. किती वेळ गेला असेल? कदाचित अर्धं मिनिट. मी गुडघ्यांवर सरकत पोडियमला वळसा घालून गेले आणि त्याच्या हाताखाली, पुडीवर, माझा पंजा ठेवला. त्याचा एक ठोका माझ्या बोटांवर बसला. त्यानं वर पाहिलं. आधी माझ्याकडे, मग मास्तरांकडे, मग लोकांकडे. तसा चेहरा मी दुसऱ्या कोणाचा कधी पाहिला नाही.

परतताना आरंगला चहासाठी थांबलो. बाकीचे दुकानापाशी गेले, आम्ही दोघं गाडीजवळ उभे राहिलो. मी हळू आवाजात विचारलं, "दादा, काय झालं होतं?" तो माझ्या ओठांकडे बघत होता. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. मी तोच प्रश्न मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून विचारला.

"दोन वर्षं झाले," तो म्हणाला. "उजवा कान तं पह्यलेच गेलता. आता डावाही जाऊन राहिला."

"मग वाजवत कसा होतास?"

"तुहा डावा हात पाहून. भाता. तू सम आली का जरासा दाबते. गाणं संपाच्या आधी ढिला सोडते. तुले नसन माहीत." हे तो अगदी सहज सांगत होता, नेहमीच्या गप्पांसारखं. "आज तो डब्बा मधात आला."

"मला सांगितलं काहून नाही?"

त्यानं दुकानापाशी उभ्या असलेल्या मास्तरांकडे पाहिलं. मग म्हणाला, "सांगतलं असतं तं वाजवू देल्लं असतं का?"

वहिनीला घेऊन आम्ही त्याला डॉक्टरकडे नेलं. काचेच्या खोलीत बसवून, कानांवर मोठे हेडफोन लावून तपासणी झाली. आवाज आला की बटण दाबायचं. मी बाहेरून बघत होते. तो बटणावर अंगठा ठेवून बसून होता, शाळेतल्या परीक्षेला बसलेल्या मुलासारखा ताठ, आणि अंगठा हलतच नव्हता. डॉक्टरांनी फक्त विचारलं, काम कुठं करता. उत्तर ऐकून त्यांनी मान हलवली. गेलेलं परत येणार नाही, कानातल्या मशीननं घरातलं बोलणं थोडंफार कळेल, गाण्याचं सांगता येत नाही, असं म्हणाले.

कारखान्यात तो भरपाईचा अर्ज घेऊन गेला, सोबत मीही. तिथल्या साहेबांनी एक कागद काढून दाखवला. कानात घालायचे बोळे दिल्याची नोंद आणि खाली दादाची सही. साहेब चांगलं बोलले, चहाही विचारला. बाहेर आल्यावर दादा म्हणाला, "सही माहीच होय. बोळेही देल्ले होते. पन ते घातले का मांगून येनाऱ्या क्रेनचा भोंगा ऐकू नोता येत. आमच्यातला एक जन तसाच गेला, बोळे घालून. मंग आमी सगळ्याईनं काढले."

कानातलं मशीन आलं. पहिल्या दिवशी त्यानं ढोलक समोर घेऊन एक थाप मारली आणि लगेच मशीन काढून ठेवलं. "डबा वाजल्यावानी वाजते," म्हणाला. पुन्हा लावून पाहिलं. पुन्हा काढलं. वहिनी स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही.

एप्रिल जवळ आला. आमच्या मंडळासाठी तोच मोठा महिना, जयंतीचे कार्यक्रम रोज असतात, कधी दिवसाला दोन. मास्तर माझ्या घरी, ब्राह्मणपाऱ्यात आले. मी दार उघडलं तेव्हाच मला कळलं ते कशाला आलेत.

"ताई, भाऊ माहा जुना सोबती. मले काय आनंद नाही. पन लोकाईसमोर हसं होते, त्याचंच होते. एक ऑक्टोपॅडवाला पोट्टा भेटला. तुमचं काय म्हननं?"

मी म्हणू शकले असते की पोडियम मध्ये ठेवू देऊ नका, मी डावा हात त्याला दिसेल असा धरते, दोन वर्षं चाललं तसं अजून दोन वर्षं चालेल. म्हणू शकले असते की तो नाही तर मीही नाही. मला गायचं होतं. त्या मैदानातली ती अर्ध्या मिनिटाची लाज मला पुन्हा नको होती. मी म्हणाले, "ठीक आहे."

"तुम्हीच सांगा त्याले," मास्तर म्हणाले.

तेही मी केलं नाही. फोनवर बोलणं त्याला ऐकू येत नव्हतं, म्हणून आम्ही एकमेकांना लिहायचो. मी लिहिलं, "दादा, या वर्षी मंडळाचे कार्यक्रम नाहीत. मास्तरांची तब्येत बरी नाही." त्यानं लिहिलं, "जपायला सांग त्यांना." तोंडानं बोललेलं खोटं हवेत तरी विरतं. हे त्याच्या फोनमध्ये तसंच राहिलं.

पंधरा दिवसांनी भाचीचा फोन आला. ती रडत होती. "आत्या, किसी ने ग्रुप में आपके प्रोग्राम का वीडियो डाला था. पापा ने देख लिया."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी तो माझ्या दारात उभा. बीरगावहून ऑटो बदलत आला होता, घामानं भिजलेला. पाणी दिलं, ते प्यायला. मग खिशातून फोन काढून त्यानं तो व्हिडिओ लावला आणि माझ्यापुढं धरला. आवाज पूर्ण बंद होता. पडद्यावर मी गात होते, पेटी वाजवत होते, बाजूला नवा मुलगा उभा राहून ऑक्टोपॅड वाजवत होता. दादानं एका जागी बोट ठेवून व्हिडिओ थांबवला.

"इथं, दुसऱ्या कडव्यात, तुहा हात अडला. काहून?"

खरंच अडला होता. तो मुलगा घाई करत होता आणि मी गोंधळले होते. ऐकणाऱ्या एकालाही ते कळलं नव्हतं.

"खोटं काहून बोलली?" तो म्हणाला. त्याला आपला आवाज किती मोठा झालाय ते कळत नव्हतं, शेजारच्या दारात माणसं आली. "तू मले विचारलं असतं ना, तं मीच म्हनलो असतो का नाही येत आता. मले समजत नाही का? तेवढं तं माह्याजोळ राहू द्याचं होतं."

मी कागद शोधायला उठले. काय लिहिणार होते कोण जाणे. पेन सापडेपर्यंत तो जिना उतरून गेला होता. मी मागून हाक मारली, दोनदा. मग लक्षात आलं आणि गप्प झाले.

जवळजवळ वर्षभर तो माझ्याशी बोलला नाही. मी जायची तेव्हा वहिनी चहा करायची, तो वर्तमानपत्र घेऊन बाहेर ओट्यावर बसायचा. ढोलक त्यानं वस्तीतल्या विहाराला देऊन टाकली. जाऊन बघितली नाही तिकडे परत, असं वहिनी म्हणाली. कानातलं मशीनही तो लावत नव्हता. ते टीव्हीच्या शेजारी डबीत असायचं. निवृत्तीची दोन वर्षं बाकी होती, तो त्याच कारखान्यात, त्याच मशीनपाशी जात राहिला. आता तिथला आवाज त्याचं आणखी काही बिघडवू शकत नव्हता. वहिनी एकदा सांगत होती, तो कामावर म्हणतो की आता बरं झालं, डोकं दुखत नाही.

मागच्या हिवाळ्यात भाचीचं लग्न झालं. दादानं एकच अट घातली होती, बँड नको आणि गाणी नकोत. मुलाकडच्यांनी ऐकलं. विधी होते तेवढेच झाले, भंतेजींनी गाथा म्हटल्या, सगळ्यांनी हात जोडून त्रिशरण-पंचशील म्हटलं. मी नातेवाइकांच्या घोळक्यात मागे उभी होते. एरवी घरच्या लग्नात मीच पुढं असायची. दादा मंचावर मुलीच्या बाजूला होता. लोक म्हणत होते तेव्हा त्याचे ओठही हलत होते, पण आमच्या सगळ्यांचं म्हणून संपल्यावरही ते जरा वेळ हलत राहिले. भाचीनं त्याच्या दंडाला हात लावला, तेव्हा तो थांबला. यावेळी कोणी हसलं नाही. बहुतेकांच्या लक्षातही आलं नसेल.

जेवणाच्या वेळी तो पंगतीतून फिरत आग्रह करत होता. माझ्यापाशी आला, पत्रावळीकडे पाहिलं. त्या दुपारनंतर पहिल्यांदा तो माझ्याशी बोलला.

"बुंदी घेतली नाही तुनं."

"घेते," मी म्हणाले आणि मान मोठी हलवली, त्याला कळावी म्हणून. त्यानं वाढणाऱ्याला बोलावलं, दोन चमचे वाढायला लावले आणि पुढच्या माणसाकडे गेला.

त्यानंतर तो माझ्या घरी येतो, मीही जाते. नोकरी, भाचीचं सासर, वहिनीचे गुडघे, असं बोलणं होतं, थोडं ओठांवरून, थोडं फोनवर लिहून. त्या दुपारबद्दल मी एकदा माफी लिहून पाठवली. त्यानं वाचली, हे दिसलं. उत्तर आलं नाही, आणि मी पुन्हा लिहिलं नाही. मंडळ मी सोडलेलं नाही. मास्तरांचा आवाज आता थकलाय, बहुतेक गाणी माझ्यावर येतात. या एप्रिललाही रोज कार्यक्रम होते. मी सकाळी निघायची, आणि त्याला कुठं चालले ते कळवायची नाही.